वेगळा घाणा

चंद्रभानजींनी गटाच्या मीटिंगमध्ये नवा नियम वाचला आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. माना डोलवायला काय जातं? नियम असा होता की ज्याचं गवत एक बंडी, म्हणजे एक बैलगाडी, भरणार नाही, त्याला या हंगामापासून तेलाच्या भट्टीची पाळी मिळणार नाही. ज्यांच्या बंड्या काठोकाठ भरून यायच्या तेच पुढच्या खुर्च्यांवर बसले होते. नियम कोणासाठी काढलाय हे कोणी बोललं नाही, पण दोन-चार नजरा दाराशी बसलेल्या दीपमालाकडे वळल्याच.

दीपमालाने चहाचा कप खाली ठेवला. शेजारच्या शोभाबाईने तिचा पदर ओढला. शोभाबाईचं वावर दीपमालाच्या वावराला लागून, तेही तसंच मुरमाड. तिचा पदर ओढायचा अर्थ होता, गप बस. पण दीपमाला तोवर उभी राहिली होती.

"काकाजी, मंग माझा घाणा वेगळा लावा."

"वेगळा म्हंजे?"

"माझं गवत तुमच्या गवतात टाकू नका. टाकीत एकटं शिजवा. निघन तेवढं तेल माझं. तुमच्याएवढं नाई निघालं, तं पाळी मीच सोडतो."

जामच्या चौफुलीवरून आत वळल्यावर दोन गावं सोडून हे गाव लागतं. कापूस आणि सोयाबीन हेच इथलं पीक. रोही, म्हणजे नीलगायी, आणि रानडुकरं रातोरात वावर साफ करायला लागली, तेव्हा चंद्रभानजींनी तिखाडीचं खूळ आणलं. तिखाडी म्हणजे टेकडीवर आपोआप उगवणारं वासाचं गवत. जनावर त्याला तोंड लावत नाही. त्याच्या तेलाला गुलाबासारखा वास येतो आणि ते साबणात, अत्तरात, अगरबत्तीत जातं. योजनेतून गटाला भट्टी मिळाली. भट्टी म्हणजे खाली जाळ, वर मोठी लोखंडी टाकी, टाकीत पाणी आणि जाळीवर दाबून भरलेलं गवत. वाफ गवतातून वर चढते, नळीतून गार पाण्याच्या हौदात उतरते आणि बाहेर पडताना तेल-पाणी होऊन ठिबकते. तेल वर तरंगतं, ते काढून घ्यायचं. सरळ काम आहे.

भानगड वाटणीत होती. सगळ्यांचं गवत एकाच टाकीत जायचं आणि ज्याचं जेवढं वजन तेवढा त्याचा तेलात वाटा. कापूसवाल्यांचं गाव ते, त्यांना वजनापलीकडे दुसरं माप सुचणार कुठून? कापूस काट्यावर न्यायच्या आधी त्यावर चार तांबे पाणी शिंपडायची खोड इथे बापजाद्यांपासूनची. तीच खोड गवताला लागली. कापणीच्या आदल्या संध्याकाळी मोटर सोडायची, गवत पाणी पिऊन टम्म होऊ द्यायचं, सकाळी दवासकट बुडातून कापायचं आणि ओलंच काट्यावर टाकायचं. युरियाची पोती तर सगळेच ओतत होते. काळ्या जमिनीत तिखाडी माणसाच्या डोक्यावर जायची, बोटाएवढ्या जाड दांड्याची. बघून मालकाची छाती फुगायची.

आता ट्रेनिंगला सगळेच गेले होते. साहेबांनी फळ्यावर काढून सांगितलं होतं की तेल फुलोऱ्यात असतं, थोडं पानात असतं, दांड्यात नसतं म्हटलं तरी चालेल. फार पाणी, फार खत दिलं तर गवत वाढतं, तेल वाढत नाही. फुलोरा भरला की कापा, दव उतरल्यावर कापा, सावलीत सुकवून मग भट्टीला लावा. सगळ्यांनी ऐकलं, जेवणातल्या बुंदीची तारीफ केली आणि घरी येऊन मोटर सुरू केली. गावात सगळं कळलेलं असतं हो. करायचं काही नसतं.

दीपमालाला पाळायचं नाही म्हटलं तरी पाळावं लागलं, कारण तिच्याकडे पाणीच नव्हतं. टेकडीच्या पायथ्याचं बरड होतं ते, वीतभर माती आणि खाली दगड. सासऱ्याला पट्ट्यावर मिळालेलं, कारण दुसऱ्या कोणाला ते नको होतं. तिथली तिखाडी कमरेच्या वर जात नसे. काडीसारखी बारीक, पण शेंड्याला फुलोरा गच्च. काट्यावर तिचा भारा पडला की भट्टी सांभाळणारे बंडूजी म्हणायचे, "आली काडी." बाकीचे हसायचे. गेली दोन वर्षं तिच्या वाट्याला येणारं तेल शिशीत मावत होतं. ते बघून तिच्या तळपायाची आग मस्तकात जायची. पण आजवर ती बोलली नव्हती.

"तुमचं लोकायचं हेच आहे," चंद्रभानजी म्हणाले. "सगळ्यायचं एकत्र चाल्लं, ते पायवत नाई. तुमाले सारं वेगळंच पायजे."



"वेगळं आमी कदी मांगतलं, काकाजी?" दीपमाला म्हणाली. आवाज चढला नव्हता. "विहीर वेगळी, मसनवटी वेगळी, हे तुमच्याकडूनच आलं. मी आज पयल्यांदा एक गोष्ट वेगळी मांगून राह्यली, तं तुमाले टोचली."

चंद्रभानजींचा चेहरा लाल झाला. ते तसे वाईट माणूस नव्हते. भट्टीसाठी ऑफिसांचे उंबरे त्यांनीच झिजवले होते, शेडसाठी रस्त्याकडेची आपली जागा दिली होती. फक्त आपण उभं केलेलं सगळं न्यायाचंच असणार, अशी त्यांची पक्की समजूत होती. आणि ती समजूत एका बाईने, तीही दाराशी बसणाऱ्या बाईने, भर मीटिंगमध्ये हलवली होती.

"ठीक आहे," ते म्हणाले. "सोमवारी सगळ्यायचा घाणा लागन. त्याच्यामागं तुझा. नागपूरचा व्यापारी त्याच दिवशी माणूस पाठवून राह्यला. होऊन जाऊ दे सगळ्यायसमोर."

घरी पोचायच्या आधी बातमी पोचली होती. सासू सुलोचनाबाई ओट्यावर तूर निवडत होत्या. त्यांनी सुनेकडे पाहिलंही नाही.

"तोंड आहे का फटाक्याची माळ?"

"आई, त्यायनं आपली पाळी बंद करायले नियम काढला."

"ते समजलं मले. पाळी गेली तं गवत कुठं घालशीन? बकरी खात नाई, म्हैस खात नाई. नांगर घालून उपटून फेकावं लागन. मंग त्या दगडात काय पेरशीन, दगड?" त्यांनी सूप जोरात आपटलं. मग थोड्या वेळाने, तूर पाखडता पाखडता, म्हणाल्या, "आता बोल्लीस तं बोल्लीस. माघार घेऊ नको. मले गावात तोंड दाखवाले जागा राह्यली पायजे."

दीपमालाला बरं वाटलं. सासूने कौतुक करावं ही अपेक्षा नव्हतीच, पाठीशी उभी राहिली हेच पुष्कळ.

शनिवारी सकाळी ऊन वर आलं, पानांवरचं दव उडालं, तेव्हा तिने विळा लावला. नवरा अश्विन जामला टायरच्या दुकानात कामाला होता. त्याने सुटी काढली. तो सवयीने बुडातून कापायला लागला तर तिने त्याचा हात धरला. "खालचा दांडा राहू दे. वरचाच भाग घे, पानं अन् फुलोरा." अश्विनने बायकोकडे पाहिलं, वावराकडे पाहिलं आणि विळा वर घेतला. संध्याकाळपर्यंत अख्खं वावर कापून झालं. कापलं ते एवढंसं दिसत होतं की त्याला राहवेना.

"दीपा, याच्यानं टाकी नाई भरायची."

"माहीत आहे."

"अन् आता सुकवणार. अजून कमी होईन."

"तेही माहीत आहे."

एकदा कापलं की गवत परत मुळावर बसत नाही. सगळं वावर तिने एका बोलण्यावर पणाला लावलं होतं.

घरापुढे सावली नव्हती. म्हणून गवत विहाराच्या पडवीत पसरलं. रविवारी वंदनेला आलेल्या बाया पडवी ओलांडताना थांबून श्वास घ्यायच्या. विहारभर गुलाबाचा दरवळ पसरला होता. एकीने विचारलं, अत्तर सांडलं का कोणाचं? दीपमाला गवत वरखाली करत होती. खालचा थर घामेजला की वास आंबतो, म्हणून दर थोड्या वेळाने तिला ते उलटावं लागत होतं. गवत आकसत होतं.

सोमवारी शेडवर जत्रा भरल्यासारखी माणसं होती. सगळ्यांचं हिरवंगार, ओलं गवत टाकीत कोंबलं गेलं, झाकण कणकेने लिंपलं, जाळ लागला. दुपारपर्यंत घाणा उतरला. तेल काचेच्या बरणीत धरून बंडूजींनी उन्हाकडे केलं. बरं निघालं होतं, फार काही नाही. टाकी मात्र गळ्यापर्यंत भरलेली होती, हे सगळ्यांनी पाहिलं होतं.

आता दीपमालाची पाळी. जाळ विझवला, शिजलेलं गवत उपसून टाकी निवू दिली. तिने गवताला हात लावायच्या आधी पदर खोचला, बादली भरली आणि नारळाची शेंडी घेऊन टाकीत उतरली. बुड घासलं, कडा घासल्या, जाळी बाहेर काढून दोन्ही अंगांनी घासली. नळीतून गरम पाणी सोडून पाहिलं. बाहेर कुजबुज सुरू झाली. चंद्रभानजींचा पुतण्या रुसल्यासारखा पुढे आला.

"कायले घासून राह्यली? आमच्या गवताचा विटाळ झाला का तुले?"

विटाळ. तो शब्द या शेडमध्ये, विटाळ पाळणाऱ्यांच्याच तोंडातून, तिच्यासाठी! दीपमाला टाकीतून डोकं वर काढून त्याच्याकडे बघतच राहिली. तिला हसूही आलं आणि रागही. तिच्या आजेसासूने या गावच्या विहिरीवर पाणी वरून ओंजळीत घेतलं होतं, कोणी वाढेपर्यंत तासन्‌तास उभं राहून.

"विटाळ मी मानत नाई," ती म्हणाली. "तो मानणारे तुमच्याकडंच सापडतीन. मी वास धुऊन काढतो. माझ्या तेलात तुमचा एक थेंब नको. उद्या कोणी म्हणायले नको की हिचं तेल आमच्यामुळं निघालं."

पोरगा मागे सरला. बंडूजी उगाच लाकडं रचायला लागले.

मग गवत आलं. विहाराच्या पडवीतून आणलेलं, निम्मं सुकलेलं. टाकीत टाकलं तर निम्म्याच्याही वर येईना. आता मात्र लोक मोकळेपणाने हसले. रोखून धरलेलं हसू होतं ते, भसकन सुटलं.

"वरून आमचं थोडं भरून देऊ," चंद्रभानजी म्हणाले. त्यात टोमणा होता की समजूत, हे त्यांनाही नीट सांगता आलं नसतं. "अर्ध्या टाकीसाठी लाकूड जाळून काय फायदा?"

"नाई, काकाजी. लाकूड माझं आहे." ती पुन्हा आत उतरली आणि अनवाणी पायांनी गवत तुडवायला लागली. सैल राहिलं तर वाफ बाजूने निघून जाते, गवताला शिवत नाही. कडेने, मधे, परत कडेने, ती तुडवत राहिली. शोभाबाई इतका वेळ लांब उभी होती. ती आली आणि झाकणासाठी कणीक मळायला बसली.

वाफ चढायला वेळ लागला. बंडूजींना भडका जाळ करायची सवय होती. दीपमालाने दोन लाकडं बाहेर ओढली. "हळू. करपलं तं वास मरते." बंडूजी पुटपुटले, पण त्यांनी ऐकलं. नळीच्या तोंडाशी पहिला थेंब आला, मग दुसरा, मग धार धरली. बरणीतल्या पाण्यावर पिवळसर थर दिसायला लागला. थर जाड होत गेला. हसणारे एकेक करून जवळ आले. वास शेडमधून निघून रस्त्यावर गेला. मोटरसायकलवरून जाणारा एक माणूस गाडी हळू करून वळून बघून गेला.

थोड्या वेळाने बंडूजींनी जाळ ओढायला हात घातला. "झालं, उतरलं."

"नाई झालं. मागून येते तेही घेऊ द्या." ती नळीसमोरून हलली नाही. शेवटी धार नुसत्या पाण्यावर आली तेव्हाच तिने मान हलवली. दोन्ही बरण्या बाकावर शेजारी ठेवल्या. गळ्यापर्यंत भरलेल्या टाकीचं तेल आणि निम्म्याहून खाली असलेल्या टाकीचं तेल. तिचा थर बोटभर वरच होता.

व्यापाऱ्याचा माणूस विवेक तेव्हा पोचला. चांगला मुलगा होता, दरवर्षी यायचा, जास्त बोलायचा नाही. त्याला कोणी काही सांगितलं नव्हतं. त्याने कागदाची पट्टी गटाच्या तेलात बुडवली, हलवली, नाकाशी नेली. कपाळावर आठी आली. परत हुंगली.

"काकाजी, हा मागच्या वर्षीचा माल नाई. वास मेला याचा. नुसता गवताचा वास येऊन राह्यला. हा शेठ घेणार नाई."

"त्याच वावरातलं आहे, तेच गवत," चंद्रभानजी म्हणाले.

विवेकने दुसरी पट्टी दीपमालाच्या तेलात बुडवली. नाकाशी नेली आणि तशीच धरून ठेवली.

"हा," तो म्हणाला. "हाच तं आहे मागच्या वर्षीचा. हाच वास होता."

शेडमध्ये हे सगळ्यांना एकदमच कळलं. मागची दोन वर्षं गटाचं तेल ज्या वासावर विकलं जात होतं, तो वास बरडावरच्या काडीचा होता. वजनात ती शिशीभर मोजली जात होती आणि बाकीच्यांचे डबे तिच्या जिवावर जात होते. दीपमालालाही ते आत्ताच कळत होतं. आपलं तेल जास्त निघेल एवढाच तिचा हट्ट होता. हे तिच्याही मनात आलं नव्हतं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते पुसायची तिला लाज वाटली नाही.

चंद्रभानजी लवकर सावरले. इतकी वर्षं गट चालवणारा माणूस. "मंग प्रश्नच मिटला," ते म्हणाले. "दोन्ही एका डब्यात ओता. गटाचं नाव एक, माल एक. दीपमालाले यंदा वाटा वाढवून देऊ. दीडपट देऊ."

बंडूजींनी बरणी उचलली. दीपमालाने त्यांच्या हातातून ती काढून घेतली आणि छातीशी धरली.

"नाई ओतायचं."

"अगं, गटाचं सगळं तेल पडून राहीन."

"राहू द्या. दोन वर्षं मिसळलंच होतं ना? तवा माझा वाटा कोणी वाढवला? तवा काडी म्हणत होते. वाटा तुमी देणारे अन् मी घेणारी, हे मले नको. ज्याच्या गवतातून जेवढं निघन तेवढं त्याचं. सगळ्यायचं."

"भट्टी माझ्या जागेत आहे," चंद्रभानजी म्हणाले. आता त्यांचाही आवाज चढला. "नियम गटानं केला. बंडी भरली नाई तं पाळी बंद. तुझी बंडी भरली नाई."

"करा बंद," दीपमाला म्हणाली. "आत्ता करा. फक्त सगळ्यायसमोर तोंडानं बोला, काकाजी. हा मुलगा नागपूरहून आला आहे, त्याच्यासमोर बोला, की हिच्या गवतात सगळ्यात जास्त तेल आहे, सगळ्यात चांगला वास आहे, म्हणून हिची पाळी बंद. एवढं बोला, मी आज घरी जातो. परत या शेडमध्ये पाय नाई ठेवत."

चंद्रभानजींनी तोंड उघडलं. विवेक बुटांकडे बघत होता. बंडूजी जाळाकडे बघत होते. गटातली सगळी माणसं चंद्रभानजींच्या तोंडाकडे बघत होती, आणि त्या तोंडातून ते वाक्य बाहेर यायचं होतं. त्यांनी घसा खाकरला. ओठ हलले. दीपमाला बरणी धरून उभी होती, पापणी न लववता.

वाक्य आलं नाही. येणं शक्यच नव्हतं. माणूस मनात कितीही काही करो, काही गोष्टी दिवसाढवळ्या, नाव घेऊन बोलता येत नाहीत.

चंद्रभानजी मागच्या खुर्चीवर बसले. बराच वेळ त्यांनी रुमालाने मान पुसली. मग कोणाकडेही न बघता म्हणाले, "बंडू, पुढची पाळी कोणाची?"

पुढची पाळी कोणाचीच नव्हती. सगळ्यांचा घाणा तर दुपारीच उतरला होता.

"माझी," शोभाबाई म्हणाली. कणकेचे हात तिने लुगड्याला पुसले. "माझं अजून वावरात उभं आहे. मोटर नाई लावली मी. परवा कापतो. माझाही वेगळा लावा."

पुढच्या खुर्चीवरून एकजण म्हणाला की मग आपलंही वेगळंच बघू या एकदा, कळू तर द्या. दुसरा त्याच्यावर खेकसला. मग सगळेच बोलायला लागले. चंद्रभानजींनी कोणाला थांबवलं नाही.

दीपमालाने बरणीतलं तेल आपल्या डब्यात ओतलं, झाकण फिरवून घट्ट केलं आणि डबा विवेकच्या हातात न देता त्याच्यासमोर बाकावर ठेवला. "भाव सांगा," ती म्हणाली. "माझ्याशी बोला. गटाशी नाई."